साडेअकराचा कवडसा

माझी नात लहानपणापासून किडकिडीत आणि बोलायला टोचरी, म्हणून घरात तिचं नाव टाचणी पडलं. आता ती इमारती बांधायचं शिक्षण घेते, शेवटच्या वर्षाला आहे, आणि तिच्या खोलीत खऱ्या टाचण्या इतक्या सांडलेल्या असतात की मी चपला घातल्याशिवाय तिकडे पाऊल टाकत नाही.

त्या दिवशी ती कॉलेजातून आली ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि आईला म्हणाली, "तुमच्या दुकानात काउंटरवर माणूस हवंय म्हणत होतीस ना? मी येते."

माझी सून औषधांच्या दुकानात काम करते. कांदा चिरता चिरता तिनं मान वर केली. "नापास झालीस?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे?"

"म्हणजे नऊ दिवस दिलेत. नऊ दिवसांनी पुन्हा दाखवायचं. तेव्हाही नाही जमलं तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर मी काही पुन्हा त्या माणसासमोर उभी राहणार नाही. सांगून ठेवते."

तो माणूस म्हणजे तिचे मोठे सर. मुलं त्यांना हातोडा म्हणतात. त्यांच्याकडे परीक्षेला ज्युरी म्हणतात. भिंतीवर नकाशे लावायचे, टेबलावर पुठ्ठ्याचं मॉडेल मांडायचं, समोर तीन शिक्षक बसतात आणि त्यांना आपली इमारत समजावून सांगायची. टाचणीला यंदा लहान मुलांची शाळा दिली होती. तीन ते पाच वर्षांची तीस मुलं, एकच वर्ग, सकाळी आठ ते बारा. हातोड्यानं तिचं मॉडेल दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "मुलं कुठे बसतील?"

"हॉलमध्ये."

"हॉलमध्ये कुठे?"

यावर टाचणीला काही सुचलं नाही. घरात सगळ्यांना टोचणारी ही पोर परक्या माणसासमोर मुकी होते, ही तिची जुनी खोड. हातोड्यानं पेन्सिल कानावर अडकवली आणि म्हणाला, "हे गोदाम आहे. खिडक्या असलेलं गोदाम."

"गोदाम म्हणाला," टाचणी मला सांगत होती. "आजोबा, तुम्ही सदतीस वर्षं पहिलीला शिकवलंत. तुम्हीच सांगा, हे गोदाम दिसतं का?"

तिनं मॉडेल माझ्या मांडीवर ठेवलं. छप्पर झाकणासारखं उचलून बाजूला काढलं. आत बुटकी टेबलं, काडीएवढी मुलं, भिंतीवर नखाएवढा फळा. मला तर ते फार आवडलं. एक बाहुली उचलून मी म्हटलं, "हा शेवटच्या बाकावरचा दिसतोय." आणि तिला सांगून टाकलं की तुझ्या सरांना डोळे नाहीत.

चूक माझीही होती, हे आधीच कबूल करतो.

---

खालच्या मजल्यावर राहणारी लिंबू रोज चारच्या सुमारास माझ्याकडे येते. तिचे आईवडील दोघंही कामावर. वय साडेचार. मोठ्या मुलांच्या खेळात तिला नेहमी लिंबूटिंबू म्हणून घेतात, म्हणजे पळायचं सगळ्यांबरोबर, पण आऊट कधी व्हायचं नाही. तिला हे अपमानाचं वाटत नाही, उलट अधिकाराचं वाटतं.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मॉडेल जमिनीवर होतं आणि टाचणी गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

"टाचणीताई, हे कुणाचं घर?"

"शाळा आहे. हात लावू नकोस."

"छप्पर कुठाय?"

"ते काय, तिथे पडलंय."

"मग लाव ना. पोरं भिजतील."

शेवटी लिंबूनंच छप्पर दोन्ही हातांनी उचललं, नीट चारही कोपरे जुळवून बसवलं, मग पोटावर पालथी पडली आणि बोटभर दाराला डोळा लावला. आम्हाला वाटलं, आतल्या बाहुल्या मोजतेय.

"टाचणीताई," ती दाराशीच म्हणाली, "दिवा लाव ना."

"दिवसाची शाळा आहे ती. दिवा कशाला?"

"मग त्यांना दिसत कसं?"

टाचणी उठली. लिंबूला जरा सरकवून तीही पालथी पडली आणि आत बघू लागली. मी खुर्चीत बसून दोघींच्या चार टाचा बघत होतो. मोठ्या टाचा आधी अगदी स्थिर होत्या. मग एकमेकींवर आपटायला लागल्या.

"आजोबा," ती आतूनच बोलल्यासारखी म्हणाली, "मध्ये काळोख आहे. नुसता काळोख. फळा दिसतच नाहीये."

तीन महिने ती या शाळेवर काम करत होती. रोज छप्पर काढायची, काम करायची, छप्पर ठेवायची. तिनं पाहिली ती नेहमी बिनछपराची शाळा. वरून सगळं लख्ख. ज्युरीलाही तिनं छप्पर काढूनच दाखवलं, मलाही. तिच्या वर्गातली सगळीच मुलं असंच करतात म्हणे. वरून बघायचं, वरून हलवायचं. उंटावरून शेळ्या हाकायच्या. शाळेत छप्पर असतं हे त्यांना माहीत नसतं असं नाही, फक्त आठवत नाही.

"हातोड्याला दिसलं असणार," ती उठून बसत म्हणाली. "मी छप्पर काढायच्या आधीच तो वाकला होता. मला वाटलं पेन्सिल पडली त्याची."

"मग त्यांनी सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तुम्ही उत्तर सांगायचात का पहिलीतल्या पोरांना?"

नाही सांगायचो. हे मला मान्य करावं लागलं.

---

त्या रात्रीपासून तिनं कटर घेतला आणि भिंती कापायला सुरुवात केली. दोन दिवसांत तिच्या शाळेला भिंती अशा उरल्याच नाहीत. चारही बाजूंना काच, म्हणजे मॉडेलमध्ये पारदर्शक कागद. उजेड आता उतू जात होता. ती खुशीत होती. मी गप्प बसलो, कारण मला लिंबूची वाट बघायची होती. माझ्या मताला या घरात फार किंमत नाही. लिंबूच्या मताला आहे.

लिंबू आली, पालथी पडली, आत पाहिलं.

"आता दिसतं का?" टाचणीनं विचारलं.

"दिसतं."

"आवडली?"

लिंबूनं विचार केला. "लपायचं कुठे?"

"लपायचं कशाला? शाळा आहे."

लिंबूनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की या बाईला कोण समजावणार.

तेव्हा मात्र मी तोंड उघडलं. म्हटलं, "टाचणे, एक गोष्ट सांगतो. पटली तर घे, नाहीतर सोड. मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये तीन वर्षांचं पोर सोड आणि बघ. ते मध्ये कधी जात नाही. आधी भिंत शोधतं. पाठ टेकायला काहीतरी लागतं त्याला. मग कोपरा शोधतं. कोपऱ्यात बसून मध्यावर नजर ठेवतं. तुझी ही मधली एवढी जागा मास्तरांना फिरायला बरी आहे, पोरांच्या ती काही कामाची नाही."

"पण मग जागा वाया जाते ना मधली."

"कोण म्हणालं? मध्ये कवडसा असेल तर जातात की मध्ये."

"म्हणजे?"

मग मी तिला माझ्या वर्गाचं सांगितलं. घरात हे सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकलंय की मी 'माझ्या वर्गात' म्हटलं की सूनबाईला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं. पण हा भाग मी कधी सांगितला नव्हता, कारण तो शिकवण्याचा भाग आहे हे मलाही उशिरा कळलं.

माझ्या वर्गाचं छप्पर कौलारू होतं आणि एक कौल फुटलेलं होतं. त्यातून सकाळी ऊन यायचं. आधी भिंतीवर उंच, फळ्याच्याही वर. मग ते भिंतीवरून खाली उतरायचं, जमिनीवर यायचं आणि रांगत रांगत खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायचं. पहिलीच्या पोरांना घड्याळ कळत नाही. त्यांना कवडसा कळायचा. कवडसा खुंट्यांपाशी आला की डबे. तिसऱ्या फरशीवर आला की गोष्ट. एक मुलगी होती, ती वर्षभर घरून रडत यायची आणि दाराशी बसून राहायची. मी तिला कधी आत ओढलं नाही. कवडसा जसा सरकायचा तशी ती त्याच्यात बसायला सरकायची, कारण तिथे ऊब असायची. अशी ती रोज दहाच्या सुमाराला आपोआप वर्गाच्या मधोमध येऊन पोचायची.

"मग?" टाचणी म्हणाली.

"मग एका सुट्टीत गवंड्यानं ते कौल बदललं. शाळा उघडली तर वर्ग काळाठिक्कर आणि पोरं कावरीबावरी. सर, डबे कधी? सर, गोष्ट कधी? दर पाच मिनिटांनी. माझ्या नाकी नऊ आले. शेवटी मी गवंड्याकडे गेलो आणि म्हटलं, बाबा रे, ते कौल पुन्हा फोडून दे. तो म्हणाला, मास्तर, डोकं फिरलंय का? पण माणूस चांगला होता. त्यानं तिथे काचेचं कौल बसवून दिलं."

लिंबूनं विचारलं, "ती मुलगी नंतर रडली?"

"नाही. नंतर ती भांडायला शिकली."

टाचणीनं पारदर्शक कागदाची एक भिंत सोलून काढली. मग दुसरी. रद्दी काढावी तसा तिनं त्या कागदांचा बोळा केला आणि लिंबूच्या हातात दिला.

---

चार दिवस उरले होते. तिनं नवं मॉडेल करायला घेतलं आणि या खेपेस पहिलं काम छपराचं केलं. मी म्हटलं, "आधी कळस मग पाया?" तर म्हणाली, "गप्प बसा आजोबा, डिंक आणा."

भिंती जाड केल्या आणि त्यांच्या जाडीत कोनाडे काढले, एकेका पोरानं गुडघे पोटाशी घेऊन बसावं एवढे. प्रत्येक कोनाड्याला लहान खिडकी, तीही बसलेल्या पोराच्या डोळ्यांपाशी. तिची उंची लिंबूला मांडी घालायला लावून मापून घेतली. आणि छपराला दाराच्या बाजूला एकच लांबट फट, उत्तर-दक्षिण, वीतभर रुंद. पुठ्ठ्यात ती माझ्या करंगळीएवढीही नव्हती.

"आता हे आतून बघायचं कसं?" ती म्हणाली. "दारातून एक डोळा जातो. मला आख्खी आत जायचंय."

लिंबू म्हणाली, "खालून जा."

आमच्याकडे एक बुटकी वेताची खुर्ची आहे. तिची बैठक फाटून आठ वर्षं झाली. चौकट तेवढी उरली आहे. सूनबाई दर महिन्याला ती टाकून द्या म्हणते आणि मी दर महिन्याला वेत विणणाऱ्याला बोलावतो म्हणतो. टाचणीनं मॉडेलच्या जमिनीला मधोमध चेहऱ्याएवढं भोक पाडलं, मॉडेल खुर्चीच्या चौकटीवर ठेवलं आणि खुर्ची गच्चीवर नेली. मग खाली दोन उशा टाकून आडवी झाली आणि चेहरा भोकात घातला.

सूनबाई कपडे वाळत घालायला वर आली होती. "बाबा, काय चाललंय हे?"

"तुझी लेक शाळेत गेलीय," मी म्हटलं.

"हिला शाळेत पाठवायला तेव्हाही खुर्चीखालून ओढून काढावं लागायचं," सूनबाई म्हणाली. चिमटे दाताखाली धरून ती कपडे लावत राहिली, पण तिचा एक डोळा खुर्चीवर होता.

मग माझी पाळी आली. गुडघे कुरकुरले, पण गेलो. डोकं उशीवर, चेहरा भोकात, आणि एकदम मी आत होतो. भिंती उंच झाल्या. कोनाड्यांतून मऊ उजेड येत होता, आणि डावीकडच्या भिंतीवर, फळ्याच्या वर, उन्हाची एक सरळ रेघ. मी सदतीस वर्षं ज्या रेघेखाली उभा राहिलो ती मला पहिल्यांदा पोरांच्या उंचीवरून दिसत होती. मला वाटायचं, आपण फळ्यावर लिहितो ते पोरं बघतात.

"आजोबा, झोपलात का?"

"नाही गं. पाच मिनिटं थांब."

"हे आजचं ऊन झालं," बाहेरून तिचा आवाज आला. "कडक उन्हाळ्यात सूर्य वर असतो, थंडीत खाली. ते बघायला हवं. हलू नका."

"आता सूर्य तू कुठून आणणार?"

"सूर्य तिथेच राहू दे. शाळा कलती करते."

तिनं खुर्चीच्या मागच्या दोन पायांखाली एकेक वीट सरकवली. सूर्याला खाली उतरवायला दोन विटा पुरतात, हे मला पंचाहत्तराव्या वर्षी कळलं. मी म्हटलं, "हे आम्हाला कुणी शिकवलं नाही." ती म्हणाली, "तुमच्या वेळी विटा नव्हत्या का?" पण तिचा आवाज खूश होता. मग विटा पुढच्या पायांखाली घालून तिनं उन्हाळाही आणला. रेघ भिंतीवर लांबीत सरकली, पण जागा फारशी सोडली नाही. तिला हेच हवं होतं. बाराही महिने कवडसा आपल्या वेळेलाच येणार होता.

त्या दिवशी आम्ही तिघं आळीपाळीनं खुर्चीखाली आडवे होत होतो. रेघ भिंतीवरून उतरली, कोनाड्यांवरून गेली, जमिनीवर आली. साडेअकराला लिंबू आत होती. सुट्टीचा दिवस होता, म्हणून ती सकाळीच आली होती.

"आला!" ती ओरडली. "गालावर आला! गरम आहे!"

"डोळे मीट," टाचणी म्हणाली. "डोळ्यांवरून जाईल आता."

"मिटले. नाकावर आला. टाचणीताई, हा चालतोय."

टाचणीनं नकाशावर त्या जागी एक खूण केली आणि लिहिलं, साडेअकरा. मग दाराशी दुसरी खूण: बारा, चपला.

---

ज्युरीच्या दिवशी मी खुर्ची धरायला बरोबर गेलो. भाड्याच्या गाडीवाल्यानं खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, विणायला नेताय?" मी म्हटलं, "परीक्षेला नेतोय." पुढे सगळा रस्ता तो आरशातून माझ्याकडे बघत होता.

कॉलेजात गेलो आणि तोंडचं पाणी पळालं. ज्युरी तळघरात होती. इमारती शिकवणारं कॉलेज, पण त्या दालनाला एक खिडकी असेल तर शपथ. वर ट्यूबलाइटच्या रांगा, खाली ओळीनं मॉडेलं, सगळ्यांची छपरं काढून शेजारी ठेवलेली. दाराबाहेर यादी लावली होती. टाचणीचा नंबर सातवा.

"एक वाजेल," ती यादीकडे बघत म्हणाली. "एक वाजता ऊन पार निघून गेलेलं असेल."

मी म्हटलं, "विटा आहेत ना? खुर्ची आडवी कलती केली तर एक वाजताही साडेअकरा करता येतील."

"येतील. पण मग ते मी केलेले साडेअकरा होतील." ती नखं खात होती. "ऊन आपलं आपण चालताना दिसायला हवं, आजोबा. त्यासाठी तर केलं सगळं."

"मग आत जाऊन सांग तसं."

"मी?"

"मग काय मी? मला विचारतील, कितवीला आहात?"

ती हसली नाही. घड्याळात अकराला पाच मिनिटं होती. आत चौथ्या नंबराच्या मुलाला बोलावलं होतं. तो दाराशीच उभा राहून मॉडेलवर फुंकर घालत होता, कारण त्याचा डिंक वाळला नव्हता. टाचणी एकदा दाराकडे गेली, परत आली. पुन्हा गेली, परत आली. मला ठाऊक होतं की मी आत जाऊन दोन शब्द बोललो तर काम झालं असतं. म्हाताऱ्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही. मी माझे दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट धरून ठेवले. वर्गाच्या दाराशी बसलेल्या मुलीला आत ओढायचं नसतं, हे मीच तिला सांगितलं होतं.

तिसऱ्या खेपेस ती दारात थांबली नाही. आत गेली. दार उघडंच राहिलं, म्हणून मला ऐकू आलं.

"सर."

"तुझा नंबर कितवा?" हा आवाज हातोड्याचा असणार.

"सातवा. पण सर, माझं ऊन साडेअकराचं आहे."

आत कुणीतरी खुदकन हसलं.

"म्हणजे?"

"म्हणजे माझं मॉडेल इथे दाखवता येणार नाही. इथे ऊन नाही. बाहेर चलावं लागेल, आणि आत्ता चलावं लागेल. सर, मागच्या वेळी तुम्ही विचारलंत, मुलं कुठे बसतील. त्याचं उत्तर साडेअकराला येतं."

एवढी लांब वाक्यं तिनं परक्यासमोर सलग बोललेली मी ऐकली नव्हती. चौथ्या नंबराचा मुलगा दारातून म्हणाला, "सर, हिला घ्या आधी. माझं अजून ओलंच आहे." सगळे हसले, आणि त्या हसण्यात खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला.

---

हातोडा म्हणजे मला एखादा आडदांड माणूस वाटला होता. निघाले ते बुटके, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, कानावर पेन्सिल. मागे दुसरे दोन शिक्षक आणि त्यांच्यामागे आख्खा वर्ग. टाचणीनं मागच्या अंगणात होकायंत्र ठेवलं, मी खिशातून खडू काढून दिला आणि तिनं फरशीवर उत्तरेची रेघ ओढली. रेघेप्रमाणे खुर्ची लावली. वर मॉडेल ठेवलं.

"छप्पर काढ ना, बघू दे," एक शिक्षक म्हणाले.

"छप्पर निघत नाही, सर," टाचणी म्हणाली. "चिकटवलंय. आत जाऊन बघायचं आहे." आणि तिनं खुर्चीखाली दोन उशा टाकल्या.

कुणीच हललं नाही. अंगणातल्या फरशीवर धूळ होती. सगळा वर्ग हातोड्याच्या सदऱ्याकडे बघत होता. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या हातात दिली, का ते मला अजून कळलेलं नाही. मग गुडघे टेकले, मग आडवे झाले आणि हळूहळू त्यांचं डोकं शाळेत गेलं. बाहेर राहिला तो पांढरा सदरा आणि बूट.

"उंची लहान मुलाची आहे," आतून घुमलेला आवाज आला.

"हो सर. मांडी घातलेल्या मुलाची."

"कोनाडे कशाला?"

"पाठ टेकायला. आणि लपायला."

"हं." बूट जरा सरकले. "मध्ये काय आहे? मध्ये काहीच ठेवलेलं नाहीस."

"थांबा सर. येतंय."

सतरा मिनिटं. मी मोजली. वीस-पंचवीस मुलं, दोन शिक्षक, चहाचे रिकामे कप गोळा करायला आलेली बाई, सगळे एका खुर्चीभोवती उभे, आणि मध्ये बूट. कुणी काही केलं नाही, कारण करण्यासारखं काही नव्हतंच. ऊन त्याच्या गतीनं यायचं होतं. टाचणीनं एकदाही घड्याळ पाहिलं नाही. फक्त तिच्या टाचा एकमेकींवर आपटत होत्या.

"कानापाशी आलाय," आवाज आला. मग थोड्या वेळानं, हळू, "गालावर."

"आता डोळे मिटा, सर," टाचणी म्हणाली.

हातोड्याला डोळे मिटायला सांगणारी त्या कॉलेजातली ती पहिलीच असावी. पण त्यांनी मिटले असणार, कारण बूट अगदी सैल पडले.

"मुलं कुठे बसतील?" त्यांनी विचारलं. डोळे मिटलेल्या माणसाचा आवाज वेगळा येतो.

"तुम्ही आहात तिथे, सर. आत्ता गोष्टीची वेळ आहे. आधी सगळी कोनाड्यांत असतील. मग कवडसा मध्ये आला की त्याच्या मागोमाग मध्ये येतील. बारा वाजता तो दाराशी जातो, तिथे चपला आहेत. उठा म्हणून सांगावं लागणार नाही."

दुसऱ्या शिक्षकांनी खाकरून विचारलं, "आणि ढग आले तर?"

"तर कोनाड्यांतल्या खिडक्यांचा उजेड पुरतो, सर. त्या दिवशी फक्त गोष्ट कधी, हे मुलं विचारत बसतील."

मी मान खाली घातली, कारण मला हसू येत होतं.

"सर, नाकावरून गेला असेल आता," टाचणी जरा वेळानं म्हणाली. "झालं. उठलात तरी चालेल."

"थांब जरा," हातोडा म्हणाले.

चहाच्या कपांची बाई हातातला ट्रे घेऊन तशीच उभी होती.

शेवटी ते बाहेर आले. सदऱ्याची पाठ धुळीनं भरली होती, गालावर पुठ्ठ्याच्या कडेचा वळ होता. त्यांनी माझ्याकडून पेन्सिल घेतली, नकाशावर वाकले आणि एका जागी गोल काढला. "स्वच्छतागृहाचं दार आतल्या बाजूला उघडतंय. एवढंसं पोर आत दारामागे पडलं तर ते उघडणार कोण? हे बदल." मग पेन्सिल कानावर अडकवली. "बाकी पुढे जा."

टाचणी तशीच उभी राहिली. चौथ्या नंबराच्या मुलानं तिच्या पाठीत धपका घातला तेव्हा तिला कळलं की पुढे जा म्हणजे पास.

हातोडा जाता जाता माझ्यापाशी थांबले. "खुर्ची तुमची?"

"हो."

"आठवडाभर ठेवाल का इथे? या सगळ्यांना एकदा आपापल्या इमारतीत पाठवायचंय."

घरी आलो तर सूनबाई दारातच उभी. लेकीचं तोंड बघून तिला सगळं समजलं, त्यामुळे तिनं ते विचारलंच नाही. माझ्या रिकाम्या हातांकडे बघून म्हणाली, "आणि खुर्ची?"

"गेली," मी म्हटलं. "आठ वर्षं मागे लागली होतीस ना?"

"गेली म्हणजे? दिली कुणाला? बाबा, ती मी विणून घेणार होते!"

"उसनी दिलीय, आई," टाचणी चपला काढत म्हणाली. "आणि विणायची नाही हं. अजिबात विणायची नाही. लिंबू कुठाय? तिला सांगायचंय."

लिंबू जिन्यातच बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, सरांच्या सदऱ्याची धूळ दोनदा सांगायला लावली, मग विचारलं, "त्यांनी डोळे मिटले होते का?"

"मिटले होते."

"मग पास," लिंबू म्हणाली.